वाळलेला हात आणि पाळत ठेवणारे डोळे

“फादर, मी काम केलं तर पाप लागेल का?”

धर्मगुरूच्या आयुष्यात नाना तऱ्हेचे प्रश्न कानी येतात. मुलगा काम करीत नाही, त्याला समज द्या, अशी विनवणी घेऊन येणाऱ्या माता मी पुष्कळ पाहिल्या. काम मिळावे म्हणून नोव्हेना करणारे तरुण तर प्रत्येक धर्मग्रामात आहेत. परंतु काम करणे हेच पाप ठरेल की काय, या भीतीने व्याकूळ झालेला माणूस माझ्यासमोर प्रथमच उभा होता. हा प्रश्न प्रायश्चित्त संस्कारात विचारलेला नव्हता. धर्मगुरुनिवासाच्या पडवीत, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर तो विचारला गेला. आणि आज मी त्याविषयी लिहितो आहे, ते त्या गृहस्थाची अनुमती घेऊनच. त्याची ओळख पटेल असे काही येथे नाही. तो मात्र स्वतःला ओळखील आणि या लेखाचा अर्धा भाग ही माझी त्याच्याजवळ दिलेली कबुली आहे, हेही त्याला समजेल.

चाळिशी ओलांडलेला हा माणूस एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होता. ठेकेदाराचा माणूस, हजेरीपट होता, पण विम्याच्या नोंदीत नाव नव्हते. एके दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताची चार बोटे नेली. ठेकेदाराने इस्पितळाचा खर्च केला, हाती काही रक्कम ठेवली आणि दार लावून घेतले. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले, तहसील कार्यालयात अर्ज केला आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला महिना 1,500 रुपये मिळू लागले. पत्नी दोन घरची धुणीभांडी करून तीन हजार रुपये आणीत होती. अशा संसारात एक दिवस झेरॉक्सच्या दुकानाचा मालक त्याला म्हणाला, “दिवसाला चार तास येऊन बसशील का? महिन्याला दोन हजार देईन.” डाव्या हाताने यंत्राचे बटण दाबता येते, पैसे मोजता येतात, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता येतात. सहा वर्षांनंतर कोणी तरी त्याला ‘ये’ म्हटले होते.

तो गेला. आणि तिसऱ्याच आठवड्यात तहसील कार्यालयाला एक निनावी पत्र गेले: अमुक इसम सरकारचे पैसे खातो आणि दुकानात नोकरीही करतो. पत्राची नक्कल माझ्याकडेही आली, कारण अशा पत्रलेखकांना देवाला साक्षीला ठेवण्याची भारी हौस असते. पत्रातील भाषा आपल्या धर्मग्रामातली होती. लिहिणारा रविवारी माझ्या हातून ख्रिस्तशरीर स्वीकारीत असावा, याविषयी मला शंका नाही.

मी त्या माणसाला काय सांगितले? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला जे शिकलो, तेच. खोटे बोलू नकोस. कार्यालयात जा, काम लागल्याचे कळव, ते ठरवतील ते मान्य कर. काम करणे पाप नाही. लपवणे पाप आहे. उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे अचूक होते. त्याने ते पाळले. कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपलीकडे गेले म्हणून त्याचे अनुदान बंद झाले. पाच महिन्यांनी दुकान बंद पडले. त्याने पुन्हा अर्ज केला: पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा वैद्यकीय कागद, पुन्हा समितीच्या बैठकीची वाट. अनुदान पुन्हा सुरू व्हायला दहा महिने गेले. आता हिशेब मांडा. पाच महिने काम करून त्याला अनुदानापेक्षा दरमहा पाचशे, म्हणजे एकूण 2,500 रुपये अधिक मिळाले. पुढच्या दहा महिन्यांत त्याने गमावले 15,000 रुपये. खरे बोलण्याची आणि काम करण्याची ही किंमत निव्वळ साडेबारा हजार रुपये झाली. त्या दहा महिन्यांत तो माझ्याकडे तक्रार घेऊन एकदाही आला नाही. तेच मला अधिक लागले.

वाचकहो, या एका माणसाच्या निमित्ताने मला जे म्हणावयाचे आहे ते आडपडद्याशिवाय म्हणतो. जी व्यवस्था अपंग माणसाला, तू निरुपयोगी राहशील तोवरच आम्ही तुला पोसू, असे सांगते, ती व्यवस्था दयेची नाही. ती अपंगत्वाला लावलेले कुलूप आहे. आणि जो समाज त्या कुलपाशी पहारेकरी म्हणून उभा राहतो, त्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेण्यापूर्वी विचार करावा.

प्रथम योजना समजून घेऊ. महाराष्ट्रात ही योजना 1980 साली सुरू झाली आणि तिने लाखो निराधारांच्या चुलीला आधार दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. किमान 40 टक्के अपंगत्व असलेला, 18 ते 65 वयाचा, उत्पन्नाची अट पूर्ण करणारा माणूस तिच्यात बसतो. इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, तर दिव्यांगांसाठी ती 50,000 रुपये ठरविण्यात आली. अनुदानाची रक्कम 2023 साली 1,500 रुपये झाली आणि 2025 साली दिव्यांगांसाठी ती 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्ह आहे. ज्यांना काम करणे कोणत्याही प्रकारे शक्य नाही, त्यांना तर ती जीवनदायी आहे.

पण मर्यादेकडे पाहा. वर्षाला 50,000 म्हणजे महिन्याला साधारण 4,166 रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हे, संपूर्ण कुटुंबाचे. आमच्या या गृहस्थाची गोष्ट आजच्या रकमेने पुन्हा मांडू. पत्नीचे वर्षाचे 36,000. तो घरी बसला तर कुटुंब मर्यादेत राहते आणि त्याला वर्षाला 30,000 रुपये अनुदान मिळते. तो दुकानात जाऊन वर्षाला 24,000 कमावू लागला, की कुटुंबाचे उत्पन्न 60,000 होते, मर्यादा ओलांडली जाते आणि 30,000 रुपये जातात. चोवीस हजार मिळवण्यासाठी तीस हजार गमवायचे! म्हणजे वर्षभर रोज चार तास काम करून घरात सहा हजार रुपये कमी येणार. पूर्वी काम केल्याने त्याला महिन्याला पाचशे रुपये तरी अधिक मिळत होते. आता अनुदान वाढले आणि काम करणे तोट्याचे झाले. भिंत तशीच ठेवून तिच्या आतली जमीन उंच केली, तर बाहेर पाऊल टाकणाऱ्याला उडी अधिक खोल पडते. अनुदान वाढवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु हेतूने हिशेब बदलत नाही.

शिवाय मर्यादा ओलांडणारे उत्पन्न दिव्यांग माणसाचेच असले पाहिजे असेही नाही. पत्नीने तिसरे घर धरले, तरी नवऱ्याचे अनुदान धोक्यात. म्हणजे आपल्या वाळलेल्या हातामुळे साऱ्या घराचे हात बांधले गेले आहेत, ही जाणीव त्या माणसाला रोज जेवताना व्हावी. राज्यात 2024 साली महिलांसाठी जी मासिक अर्थसाहाय्याची योजना आली, तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. मला त्या भगिनींच्या पदरातले काही काढून घ्यावयाचे नाही. मी इतकेच विचारतो, की धडधाकट माणसांच्या घराला अडीच लाखांपर्यंत साहाय्य देताना ज्या शासनाला तिजोरीची चिंता वाटली नाही, त्याला हात गमावलेल्या माणसाच्या घरातील पन्नास हजारांपुढचा प्रत्येक रुपया का सलावा? 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तर सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आपण अपंग हा शब्द सोडून दिव्यांग हा शब्द घेतला. शब्द बदलायला खर्च येत नाही.

कोणी म्हणेल, अनुदान हे निराधारांसाठी आहे. ज्याला आधार मिळाला त्याला ते कशाला? हा युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध आहे, परंतु आपल्याच देशाने दुसरीकडे तो नाकारलेला आहे. कर्मचारी राज्य विमा योजना 1948 च्या कायद्याने उभी राहिली. विमाधारक कामगाराला कामावर कायमचे अपंगत्व आले, तर मेडिकल बोर्ड त्याच्या कमाईच्या क्षमतेची किती हानी झाली हे ठरवते आणि त्या प्रमाणात त्याला आजन्म रक्कम मिळते. तो पुन्हा कामावर गेला तरी ती बंद होत नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ कामाच्या दिवसांचा मिळत नाही, हे योग्यच. पण कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेतनाबरोबर घेता येतो. यामागील तत्त्व किती सरळ आहे! बोटे गेली ती गेली. पगार मिळाला म्हणून ती पुन्हा उगवत नाहीत. सैनिकी सेवेत अपंगत्व आलेला जवान निवृत्तीनंतर बँकेत नोकरीला लागला, तर त्याच्या अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल आपण त्याला चोर म्हणतो का? मग एकाच प्रकारच्या यंत्राखाली हात सापडलेल्या दोन कामगारांत हा भेद का? एकाचे नाव विम्याच्या वहीत होते म्हणून तो पेन्शनही घेतो आणि कामही करतो. दुसऱ्याच्या ठेकेदाराने कायदा मोडला म्हणून त्या दुसऱ्याने घरी बसावे, किंवा लपूनछपून काम करावे. गुन्हा ठेकेदाराचा आणि संशय कामगारावर.

बाहेरच्या देशांनाही हा प्रश्न पडला आहे आणि त्यांनी काही उत्तरे शोधली आहेत. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे आता अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांना ही व्यवस्था परिचित असेल. तेथे सामाजिक सुरक्षेतून अपंगत्वाचा विमा मिळणारा माणूस पुन्हा कामावर जाऊ इच्छितो, तेव्हा त्याला नऊ महिन्यांचा ‘चाचणीचा काळ’ मिळतो. त्या काळात कमाई कितीही झाली तरी लाभ पूर्ण मिळतो. त्यानंतर छत्तीस महिने अशी सोय असते, की ज्या महिन्यात कमाई ठरावीक पातळीखाली जाईल त्या महिन्याचा लाभ पुन्हा मिळावा. त्याहीपुढे, लाभ बंद झाल्यावर पाच वर्षांच्या आत त्याच आजाराने काम सुटले, तर नव्याने पहिल्यापासून अर्ज न करता लाभ पुन्हा सुरू करण्याची मागणी करता येते आणि निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती रक्कमही मिळते. ही शेवटची सोय 1999 च्या कायद्याने आली. गरीब अपंगांसाठीच्या तेथील दुसऱ्या योजनेत कमाईतील ठरावीक रक्कम बाजूला ठेवली जाते आणि उरलेल्या प्रत्येक दोन डॉलरमागे लाभातून एकच डॉलर कापला जातो. म्हणजे भिंतीच्या जागी उतरण.

तो देश या बाबतीत नंदनवन आहे, असे मुळीच नाही. त्या दुसऱ्या योजनेत एकट्या माणसाजवळ दोन हजार डॉलरपेक्षा अधिक पुंजी असू नये, ही 1989 साली ठरलेली मर्यादा अजूनही तशीच आहे. म्हणजे काम करा, पण साठवू नका. नियमांच्या गुंत्यामुळे जास्तीचे पैसे हातात येतात आणि मग वर्षा-दोन वर्षांनी परतफेडीची नोटीस येते, ही भीती तेथेही आहे. परंतु एक गोष्ट तेथे कायद्याने मान्य केली: काम करून पाहणे हा अपराध नाही आणि काम सुटणे ही फसवणूक नाही. आपल्याकडे एवढीच गोष्ट मान्य व्हायची राहिली आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप: अशी सवलत दिली तर लबाड लोक फायदा घेतील. घेतील. खोटी प्रमाणपत्रे काढणारे आहेत आणि ते खऱ्या अपंगांच्या ताटातला घास चोरतात. त्यांना शिक्षा व्हावी. परंतु जो आपले कटलेले बोट टेबलावर ठेवून दाखवू शकतो त्याला, दुसऱ्या कोणी खोटे प्रमाणपत्र आणले म्हणून शासन करणे हा कोणत्या न्यायाचा प्रकार? उलट, आजचा नियमच लबाडीला जन्म देतो. काम उघड केले तर अनुदान जाते, म्हणून माणूस पावतीशिवाय, हजेरीशिवाय, हक्कांशिवाय काम करतो. आणि मालकाला ठाऊक असते, की हा कधीही तक्रार करणार नाही. मग तो दोन हजारांचे दीड हजार करतो. माझ्या पाहण्यात असे घडले आहे.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राचा आहे आणि तो आमच्याच लोकांकडून येतो. संत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काम न करणाऱ्याने खाऊही नये, असे सांगितले आहे ना? हे वचन अपंगांच्या आणि गरिबांच्या तोंडावर फेकण्याची आपल्याला फार सवय आहे. मूळ ग्रीक वाक्यात ‘इच्छा’ हे क्रियापद आहे, हे आपण विसरतो. काम करू न इच्छिणाऱ्याविषयी पौल बोलतो. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही त्याच्याविषयी नव्हे. आणि गंमत अशी, की येथे काम करू इच्छिणाऱ्यालाच आपण खाण्यापासून वंचित करीत आहोत. पौलाचे वचन या नियमाच्या बाजूने नव्हे, विरुद्ध उभे राहते.

तिसरा आक्षेप: नियम चुकीचा असेल, पण तो पाळलाच पाहिजे. होय, आणि मी त्या गृहस्थाला तेच सांगितले. सरकारी घोषणापत्रावर खोटी सही करा, असा सल्ला मी आजही कोणाला देणार नाही. परंतु संत थॉमस अक्वायनसने न्यायाच्या सद्गुणांत ‘एपिकेया’ची गणना केली आहे, तिचा अर्थ मी त्या वेळी विसरलो. नियमाचे अक्षर जेव्हा नियमाच्या हेतूवरच आघात करते, तेव्हा हेतूच्या बाजूने उभे राहणे म्हणजे एपिकेया. ती दाखवण्याचे काम त्या गरिबाचे नव्हते. त्याच्याकडून खरे बोलण्याचीच अपेक्षा होती आणि ती त्याने पुरी केली. ते काम आमचे होते: त्याच्याबरोबर कार्यालयात जाणे, अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडणे, लोकप्रतिनिधींना लिहिणे, दहा महिने त्याच्या घरी तांदूळ पोहोचतो की नाही हे पाहणे. मी त्याला सत्य सांगितले आणि त्या सत्याचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकून मिस्साला निघून गेलो. ज्याला सत्य पाळायला सांगायचे, त्याच्या नुकसानीत वाटा उचलायचा नाही, हे धर्मगुरूपण नव्हे.

शुभवर्तमानातील एक प्रसंग या काळात माझा पाठलाग करीत राहिला. शब्बाथवारी सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक माणूस आहे. तो उजवा हात होता, हे लूक आवर्जून नमूद करतो. आणि तेथे काही धार्मिक माणसे आहेत, ती येशूवर टपून बसली आहेत: हा नियम मोडतो का, म्हणजे आपल्याला आरोप ठेवता येईल. त्या माणसाच्या हाताकडे त्यांचे लक्ष नाही. त्यांचे लक्ष नियमाकडे आहे. येशू त्या माणसाला सर्वांसमोर मध्ये उभे करतो आणि त्यांना विचारतो, की या दिवशी बरे करणे योग्य की वाईट करणे. ते गप्प राहतात. त्या गप्प राहण्यावर येशूला क्रोध आला आणि दुःखही झाले, असे मार्क लिहितो. संत जेरोमने मत्तयच्या शुभवर्तमानावर लिहिलेल्या भाष्यात एका प्राचीन परंपरेची नोंद केली आहे. त्या परंपरेनुसार हा माणूस गवंडी होता. हातांनी पोट भरणारा. आपल्याला भीक मागत लाजिरवाणे जिणे जगावे लागू नये म्हणून हात बरा कर, अशी विनवणी त्याने येशूजवळ केली. परंपरेचा अधिकार शुभवर्तमानाचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जेरोमला ती नोंदवावीशी वाटली, यातच काही तरी आहे. त्या गवंड्याला भीक वाढवून नको होती. त्याला काम परत हवे होते.

आमच्या गावातील टपून बसलेले डोळे आणि त्या सभास्थानातील डोळे यांत मला अंतर दिसत नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिनार मिळाला, तेव्हा कुरकुर करणाऱ्याला धन्याने त्याच्या डोळ्यातील मत्सराविषयी विचारले होते. निनावी पत्र लिहिणाऱ्या माझ्या बंधो अथवा भगिनी, तुझे काय गेले होते?

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी 14 सप्टेंबर 1981 रोजी मानवी श्रमावरील ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ हे परिपत्र प्रसिद्ध केले. ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात निघायचे होते. पण 13 मे रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इस्पितळातून बाहेर आल्यावर त्यांनी त्यावर अखेरचा हात फिरविला. त्या परिपत्रातील बाविसावा परिच्छेद अपंग व्यक्ती आणि श्रम याच विषयावर आहे. अपंग माणूस हा हक्कांसह परिपूर्ण माणूस आहे, त्याला त्याच्या शक्तीनुसार काम मिळाले पाहिजे, आणि केवळ धडधाकटांनाच श्रमाच्या जगात जागा देणे म्हणजे बलवानांनी दुर्बलांविरुद्ध भेदभाव करणे होय, असा त्याचा आशय आहे. काम हा केवळ पोटाचा प्रश्न नाही. कामातून माणूस माणूस होतो, हा त्या साऱ्या परिपत्राचा गाभा. ही शिकवण आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केली. धर्मग्रामात आल्यावर तिचे काय केले?

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग होते आणि त्यांतील सुमारे 36 टक्केच काम करणारे होते. स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण साधारण 23 टक्के होते. महाराष्ट्रात त्या वेळी 29 लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली. 2016 च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या. आपल्या संस्था शासकीय नाहीत, हे खरे. पण आपल्या शाळांच्या कार्यालयात, पतपेढ्यांत, सभागृहांच्या व्यवस्थापनात, वाचनालयांत किती दिव्यांग माणसे पगारावर आहेत? मी दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्राम कार्यालयात लेखनिकाची जागा रिकामी झाली, तेव्हा पोलिओने दोन्ही पाय अधू झालेल्या एका पदवीधर मुलीने अर्ज केला होता. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, तिला जिना कसा चढवेल, असे म्हणून आम्ही ‘तिच्याच सोयीसाठी’ दुसऱ्याची निवड केली. कार्यालय खाली आणता आले असते, हे कोणाला सुचले नाही. मला सुचले नाही. नाताळात मात्र तिच्या घरी आम्ही न चुकता फराळाची टोपली पाठवतो.

म्हणून शासनाकडे मागणी करताना आपलीही झोळी तपासावी लागेल. शासनाकडे माझ्या चार मागण्या आहेत. दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या कमाईतील ठरावीक भाग उत्पन्नात धरू नये. मर्यादा ओलांडताच अनुदान एकदम न तोडता कमाईच्या प्रमाणात क्रमाने कमी करावे. काम लागल्यास अनुदान रद्द न करता स्थगित ठेवावे आणि पाच वर्षांच्या आत काम सुटल्यास एका साध्या अर्जावर ते महिन्याच्या आत सुरू करावे. आणि दिव्यांगाचा हक्क त्याच्या घरातील इतरांच्या घामाशी बांधू नये. यातील एकही मागणी भिकेची नाही. काम करणारा माणूस तिजोरीवरचा भार हलकाच करतो.

आणि आपल्यासाठी? प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील दिव्यांगांची यादी करावी. ती दानासाठी नव्हे, कामासाठी. कोणाला काय येते, काय शिकायचे आहे, कोठे अडते, हे लिहून घ्यावे. ज्यांचे अनुदान कामामुळे थांबले, त्यांच्या पाठीशी पुन्हा सुरू होईपर्यंत धर्मग्रामाचा निधी उभा राहावा. व्हिन्सेंट द पॉल मंडळांनी याला हातभार लावावा. तहसील कार्यालयात त्यांच्याबरोबर कोणी तरी जावे. आणि निनावी पत्रे लिहिण्याची ज्यांना ऊर्मी येते, त्यांनी ती हजेरीपटावर नाव आणि विम्यात नाव नसलेल्या कामगारांच्या ठेकेदारांविषयी लिहावीत. तेथे खरोखर गुन्हा घडतो आहे.

आमचे कार्यालय या पावसाळ्याआधी तळमजल्यावर येत आहे. यात मोठेपणा काही नाही. उशीर झालेला आहे. तेथे एक झेरॉक्सचे यंत्र असेल आणि सकाळचे चार तास ते चालवायला माणूस हवा आहे. मी त्या गृहस्थाकडे गेलो, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, या वेळी आधी हिशेब करू या.”

आम्ही दोघे त्याच्या ओटीवर बसलो आणि कागदावर आकडे मांडले. हिशेब अजून जमलेला नाही. मर्यादा तशीच आहे, दोन हजार दिले तर अडीच हजार जातात. त्याला तोटा होणार नाही इतके वेतन द्यायचे, तर धर्मग्राम परिषदेची मंजुरी लागेल. परिषदेची बैठक पुढील रविवारी आहे. तेथे कोण काय बोलतो ते मी ऐकणार आहे; आणि कोण गप्प राहतो, तेही पाहणार आहे.